रंगीत चित्रे आणि शेतकऱ्याची पुंजी

जालना-नांदेड द्रुतगती मार्गाकरिता आपल्या परभणी जिल्ह्यातील पुष्कळ खातेदारांच्या जमिनी संपादनात आल्या आहेत. ज्या घराने आजवर एकरकमी लाख रुपये कधी पाहिले नाहीत, त्या घराच्या खात्यावर मोबदल्याची मोठी रक्कम येऊन पडते, आणि तिची वार्ता सोयऱ्याधायऱ्यांस कळण्यापूर्वी गुंतवणुकीच्या योजना घेऊन हिंडणाऱ्या दलालांस कळते. गेल्या मृगाच्या सुमारास आमच्या मौजे पिंगळी येथे असाच एक तरुण आला. आमच्या घरापासून चार घरे टाकून एक वृद्ध खातेदार राहतात. गावात त्यांस सर्व आबा म्हणतात. त्यांची दुसऱ्या शिवारातील वडिलोपार्जित जमीन रस्त्यात गेली आहे. तरुण बोलण्यात नम्र, पोशाखाने स्वच्छ, व नात्यातल्याच एकाच्या ओळखीने आलेला. त्याने आबांपुढे बारा पानांचे एक गुळगुळीत पुस्तक ठेवले. दूर कोठे तरी पांढऱ्या चंदनाची बाग लाविली असून तीतील शंभर झाडे दीड लाखास घ्यावयाची, आणि पंधरा वर्षांनी त्यांचे कोटी रुपये घ्यावयाचे, अशी ती योजना होती.

आबांनी आम्हांस बोलावून घेतले, कारण आमची सारी नोकरी महसूल खात्यात कागद तपासण्यात गेली आहे. आम्ही पुस्तक चाळले आणि जुन्या सवयीने त्यातील बाबी मोजल्या. बारा पानांत चित्रे एकतीस निघाली, आणि गट नंबर एकही नाही.

आम्ही हे आबांस सांगितले. ते म्हणाले, "नाना, ते खरं, पण झाड तर पाहा की. एवढं झाड डोळ्यांनी दिसतंय, ते खोटं कसं असंल?"

आबांचा हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो थोरामोठ्यांस व शहरातील शिकलेल्या लोकांसही पडतो, आणि एके काळी तो आम्हांसही पडला होता. डोळ्यांपुढे चित्र आले म्हणजे पैशाविषयीचा आपला विचार कसा वळतो, याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्वतःचे सांगतो, म्हणजे आम्ही कोणास शहाणपण शिकवीत आहो असे वाटणार नाही. सन १९९६ मध्ये आम्ही नवे कारकून होतो. त्या काळी सागाच्या लागवडीच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरलेली असत. एका कंपनीचा प्रतिनिधी कचेरीच्या आवारात येई. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही तिला पाच हजार रुपये दिले. ही रक्कम आमच्या तेव्हाच्या सुमारे दीड महिन्याच्या पगाराइतकी होती. मोबदल्यात एक प्रमाणपत्र मिळाले. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टीचा काठ, आणि मधोमध सागाच्या रानाचे चित्र. दोघा माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे, वर हिरवे छत, आणि पानांतून खाली उतरणारे ऊन. वीस वर्षांनी असे झाड आपले होणार, असे आम्ही समजून चाललो.

सातबाऱ्यावर झाडांची नोंद तपासताना झाड कशाचे, किती आणि कोणत्या गटात, हे आम्ही रोज दुसऱ्यांस विचारीत होतो. स्वतःचे पाच हजार देताना त्या चित्रातील झाडाचे वय काय, एवढेही विचारले नाही. सरकारी जंगलात साग तोडीस येण्याचे आवर्तन सर्वसाधारणपणे ५० ते ८० वर्षांचे धरतात. वीस वर्षांच्या सागास गाभ्याचे लाकूड थोडे आणि बाहेरचे पांढरे, किडीस लवकर बळी पडणारे लाकूड फार. मुळास पाणी साचून राहणे त्यास मानवत नाही. चित्रातील झाड बहुधा कोण्या जुन्या जंगलातील असेल. आमचे झाड, ते कोठे लाविले असलेच तर, फार तर वाशाच्या जाडीचे झाले असेल. तीनएक वर्षांनी कंपनीच्या कचेरीस कुलूप लागले. प्रमाणपत्र मात्र अद्याप ट्रंकेत आहे आणि त्याचा रंग यत्किंचितही उडालेला नाही.

त्याच ट्रंकेत त्याच सालचे एक किसान विकास पत्र होते. ते आमच्या तीर्थरूपांच्या आग्रहावरून पोस्टातून घेतलेले. साधा छापील कागद, पोस्टाचा गोल शिक्का, पोस्टमास्तरांची सही. त्यावर पाहण्यासारखे काही नव्हते. त्या काळच्या नियमाप्रमाणे साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट झाली आणि आम्ही ती उचलून आणली. पण खरे सांगावयाचे तर या दोन कागदांपैकी पाहुण्यांस दाखवावयास आम्ही कोणता काढीत असू, हे वाचकांनी ओळखले असेलच.

आता हे असे का होते, याचा शोध परदेशातील मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. तो आपल्या उपयोगाचा आहे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांपुढे एकेक विधान ठेवावयाचे आणि ते खरे की खोटे हे झटपट सांगावयास लावावयाचे. काही विधानांबरोबर त्या वस्तूचे चित्र दिले, काहींबरोबर दिले नाही. उदाहरणार्थ, मॅकॅडेमिया नावाचा मेवा पीच फळाच्या कुळातील आहे, असे विधान आणि शेजारी मॅकॅडेमियाचे चित्र. चित्रावरून कुळ कळत नाही. कैरीचे चित्र पाहून आंबा आणि बिब्बा एकाच कुळातील आहेत की नाहीत हे कोणास सांगता येईल? तरीही चित्र सोबत असले म्हणजे लोक विधान खरे मानण्याकडे अधिक झुकले. चित्राने पुरावा काही दिला नाही. त्याने फक्त मनात वस्तू उभी केली, आणि जे मनात सहज उभे राहते ते आपण खरे धरतो.

याच मंडळींपैकी काहींनी २०१८ साली पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो थेट बाजारभावाचा आहे. मँगनीज वगैरे मालांविषयी 'या मालाचा भाव वाढेल' किंवा 'भाव पडेल' अशी विधाने लोकांपुढे ठेविली. निम्म्या वेळा सोबत त्या मालाचे छायाचित्र होते. छायाचित्र असता 'भाव वाढेल' हे विधान लोकांस अधिक खरे वाटले. पण 'भाव पडेल' या विधानावरील विश्वासात छायाचित्राने फारसा फरक पडला नाही. म्हणजे चित्राचे वजन दोन्ही पारड्यांत सारखे पडत नाही, ते आशेच्या पारड्यात पडते. शेतकरी बंधूंनी दिवाळीनंतरचे आपले मोबाईल आठवून पाहावेत. फुटलेल्या पांढऱ्याशुभ्र बोंडाचे चित्र आणि त्याखाली 'कापूस लवकरच उसळी घेणार' हा मजकूर दिवसातून चार वेळा येतो. मजकूर कोणी लिहिला हे कळत नाही. बोंड मात्र दिसते, आणि तेवढ्यावर घरात गंजी राहते. कधी कापूस ठेवणे फायद्याचेही ठरते, याविषयी आमचा वाद नाही. पण तो निर्णय परभणी किंवा मानवतच्या बाजार समितीतील आवक, सरकीचे भाव आणि आपली देणी यांवरून व्हावा. बोंड कसे दिसते हे तर आपणांस ठाऊकच आहे.

दुसरा प्रयोग दक्षिण आफ्रिकेतील आहे व तो कर्जाचा आहे. तेथील एका सावकारी संस्थेच्या मदतीने अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ५३,००० जुन्या ग्राहकांस कर्ज देऊ करणारी पत्रे पाठविली. व्याजाचा दर कोणास कमी, कोणास अधिक, असा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठेविला. पत्राच्या एका कोपऱ्यात कोठे पुरुषाचे, कोठे स्त्रीचे छायाचित्र छापले. कर्जाशी त्या व्यक्तीचा काही संबंध नव्हता. २०१० साली जो निष्कर्ष छापून आला तो असा की, सुंदर स्त्रीचे चित्र घातल्याने कर्जाची मागणी जेवढी वाढली, तेवढी वाढण्यास व्याजाचा दर सुमारे एकचतुर्थांशाने उतरवावा लागला असता. म्हणजे दरमहा आठ टक्क्यांचा दर सहावर आणावा, तेवढे काम एका चित्राने केले. व्याजाच्या पैपैचा हिशेब करणारा मनुष्य हाच, आणि कोपऱ्यातील चित्राला भुलणाराही हाच.

आपल्या इकडील व्यापाऱ्यांनी हे मर्म असल्या प्रयोगांच्या किती तरी आधी ओळखले होते. विलायतेच्या गिरण्यांचे कापड येई त्या ताग्यांवर देवादिकांची रंगीत चित्रे चिकटविलेली असत. गिऱ्हाइकास कापडाचे सूत पारखता येवो वा न येवो, चित्रावरून तो छाप ओळखून मागे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस शिळाछापखाना काढला. त्याच्या लक्ष्मीसरस्वती घरोघर गेल्या, आणि पुढे तशाच चित्रांच्या खाली दुकानांची व पेढ्यांची नावे छापलेल्या दिनदर्शिका भिंतींवर लागल्या. आमच्या लहानपणी एका अडत्याच्या दुकानाची अशी लक्ष्मी आमच्या देवघरात होती. वर्ष संपले तरी तिला खाली काढण्यास आजी तयार होत नसे. त्या अडत्याच्या काट्याविषयी आमच्या घरात कोणी वावगे बोलल्याचे स्मरत नाही. काटा बरोबर असेलही. आम्ही इतकेच म्हणतो की तो कोणी तपासला नव्हता.

बियाण्याच्या पिशवीचेही तेच. पुढच्या बाजूस शेंगांनी लगडलेले झाड असते. १९६६ च्या बियाणे कायद्यान्वये जी माहिती द्यावी लागते, ती मात्र मागे किंवा शिवणीजवळच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत असते. लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख, कोणत्या मुदतीपर्यंत पेरावे. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ गाठले. तेव्हा ज्याने पिशवी, चिठ्ठी व पावती जपली होती त्याची तक्रार उभी राहिली. पिशवीवरील लगडलेल्या झाडाचा दाखला कोणत्याही पंचनाम्यात चालत नाही.

चित्राच्या बळावर पैसा गोळा करण्याचा सर्वांत धाडसी प्रकार इंग्लंडात झाला. ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने १८२२ साली मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'पोयाइस' नावाचे आपले राज्य असल्याचे जाहीर केले. त्या देशाची माहिती देणारा एक ग्रंथ निघाला, आणि ग्रंथाच्या आरंभी तेथील बंदराचे सुबक कोरीव चित्र छापले होते. शांत खाडी, नावा, मागे डोंगर. लंडनच्या बाजारात दोन लक्ष पौंडांचे कर्जरोखे निघाले व लोकांनी ते घेतले. सुमारे २५० माणसे तर घरदार विकून जहाजांतून तिकडे गेली. तेथे रान आणि दलदल यांखेरीज काही नव्हते. निम्म्याहून अधिक माणसे ताप व उपासमार यांनी मेली. यांपैकी कित्येक कारागीर व व्यापारी असे हिशेबी लोक होते.

पोयाइसचे चित्र तर धडधडीत खोटे होते. परंतु आमच्या मते खोट्या चित्रापेक्षा खरे चित्र अधिक नाडते, आणि शेतकऱ्याने सावध राहावयाचे ते येथेच. तामिळनाडूत पेरुंदुराई येथे एमू पक्षी पाळण्याची योजना निघाली होती. कंपनी पिल्ले देणार, शेतकऱ्याने वाढवावीत, कंपनी दरमहा पैसे देऊन शेवटी पक्षीही परत घेणार. सिनेनटांना घेऊन जाहिराती झाल्या. २०१२ साली ती कोसळली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत अॅग्रो या कंपनीची कडकनाथ कोंबड्यांची योजना २०१९ साली अशीच कोसळली, आणि राज्यातील पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. यात एमू खोटा होता काय? नव्हता. पुरुषभर उंचीचा पक्षी कोणीही जाऊन पाहावा. कडकनाथ खोटा होता काय? तोही नव्हता. त्याची चोच, तुरा, मांसदेखील काळे, आणि मध्य प्रदेशातील झाबुआच्या या कोंबडीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले. चित्रातील प्रत्येक पीस खरे होते. जे खरे असावयास हवे होते ते म्हणजे गिऱ्हाईक. इतकी अंडी, इतके मांस, इतके तेल त्या भावाने कोण घेणार? गिऱ्हाइकाचे चित्र काढता येत नाही. पक्षी आहे म्हणून धंदाही आहे, असा हिशेब मन आपोआप जुळविते, आणि चित्र काढणाऱ्यास ते ठाऊक असते.

जमिनीच्या बाबतीत तरी शेतकरी फसणार नाही असे कोणी म्हणेल. पीएसीएल या कंपनीने जमिनीच्या खरेदीविक्रीच्या नावाखाली सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केल्याचे सेबीने २२ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात म्हटले आहे. त्यात आपल्या राज्यातील ठेवीदारही पुष्कळ होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली, आणि त्यानंतरही ठेवीदारांचे वाट पाहणे वर्षानुवर्षे चालू राहिले. जन्मभर मातीत राबलेल्या माणसाने न पाहिलेली जमीन चौरस यार्डांच्या मापाने विकत घ्यावी, याचे आम्हांस मोठे नवल वाटते. पण आम्ही न पाहिलेला साग घेतला होता, तेव्हा हे नवल फार ताणणे बरे नव्हे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. चित्र नसले म्हणजे माणूस बुडत नाही असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडील कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे भाग लोकांनी वाटेल त्या किमतीस घेतले. युद्ध संपताच १८६५ साली सारे कोसळले. तेथे लोभासच पंख फुटले होते, त्यास रंगाची गरज पडली नाही. चित्र लोभ उत्पन्न करीत नाही. पण लोभाच्या आड जी एक शंका उभी असते, तिला ते बाजूस सारते.

चित्राचा आणखी एक प्रकार असा की तो चित्र वाटतच नाही. तो म्हणजे भावाचा आलेख. आजकाल गावातील तरुण मुले शेअरबाजाराचे आलेख मोबाईलवर पाहतात. शंभर रुपयांचा शेअर महिन्यात एकशे चार झाला असे समजा. आलेखाचा खालचा काठ शून्यापासून धरला, तर रेघ जवळपास आडवी दिसेल. तोच काठ नव्व्याण्णवपासून धरला, तर रेघ डोंगर चढल्यासारखी दिसेल. दोन्ही रेघा खऱ्या आहेत, पैसे चारच वाढले आहेत. तसेच चढत्या तीन महिन्यांचा तुकडा दाखवावयाचा आणि त्यामागील तीन वर्षे झाकून ठेवावयाची, ही युक्ती. तेव्हा आलेख पाहताना रेघ सोडून आधी डाव्या काठाचा सर्वांत खालचा आकडा आणि तळाच्या तारखा वाचाव्यात. मोजणीचा नकाशा हाती आला म्हणजे आम्ही आधी प्रमाण पाहतो, मग बांध. त्यातलाच हा प्रकार.

सरकारासही चित्राची ही शक्ती ठाऊक आहे. कंपन्यांनी लोकांकडून भागभांडवल गोळा करण्याविषयीचे सेबीचे २०१८ चे जे विनियम आहेत, त्यांत भागविक्रीच्या जाहिरातीत मॉडेल, नामांकित व्यक्ती, काल्पनिक पात्रे, प्रसिद्ध स्थळे किंवा व्यंगचित्रे दाखविण्यास मनाई आहे. जाहिरात कोरडी असावी, असाच त्याचा अर्थ. यावरून वाचकांनी एक उलटा ठोकताळा बांधण्यास हरकत नाही. जी योजना नटनट्या, मोटारी व बंगले यांच्या चित्रांनी नटून येते, ती या नियमाखाली आलेली नसणार. मग ती कोणत्या कायद्याखाली आली आहे, हे आणणाऱ्यास विचारावे. सागाच्या व तत्सम योजना तर १९९७ पर्यंत कोणाच्याच देखरेखीखाली नव्हत्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या सेबीकडे सोपविण्याचे जाहीर केले, आणि सामूहिक गुंतवणूक योजनांचे विनियम १५ ऑक्टोबर १९९९ रोजी निघाले. तोपर्यंत आमचे पाच हजार गेले होते.

आता तर हलणारी व बोलणारी चित्रेही बनविता येतात. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या मुख्य अधिकाऱ्यांचा चेहरा व आवाज वापरून 'अमुक शेअर घ्या' असे सांगणाऱ्या बनावट चित्रफिती फिरू लागल्या, म्हणून त्या बाजाराने १० एप्रिल २०२४ रोजी लोकांस सावध केले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेलाही आपल्या अधिकाऱ्यांच्या अशाच बनावट चित्रफितींविषयी इशारा द्यावा लागला. आजवर आपण म्हणत आलो, कानांनी ऐकलेले खोटे असेल, डोळ्यांनी पाहिलेले नव्हे. ती समजूत आता पैशाच्या व्यवहारापुरती तरी सोडावी लागेल.

मग करावे काय? आम्ही अर्थशास्त्री नव्हे, एक निवृत्त कारकून आहो. सबब कारकुनास सुचेल तेवढेच सांगतो. चित्रावर तळहात ठेवावा आणि उरलेला मजकूर घरातील कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. बहुतेक पुस्तकांत चित्रे झाकली की 'अंदाजे', 'सुमारे', 'अटी लागू' एवढेच शब्द उरतात. जमिनीची किंवा झाडांची योजना असेल तर गाव, तालुका व गट नंबर मागावा. तो मिळाला की सातबारा कोणासही पाहता येतो. भोगवटादार कोण, इतर हक्कात बोजा कोणाचा, पीकपाहणीत काय लागले आहे, हे तिन्ही रकाने पाहावेत. बागेचे चित्र आणि पीकपाहणीत 'पडीत', असा मजकूर आम्ही नोकरीत असता एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. भूखंडांची योजना असेल तर रंगीत आराखडा बाजूस ठेवून महारेराचा नोंदणी क्रमांक विचारावा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर भूखंड पाडून विकावयाचे असल्यास ही नोंदणी करावी लागते, आणि ती संकेतस्थळावर तपासता येते. ठेवीची योजना असेल तर ती घेण्याची परवानगी कोणी दिली, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर पाहावे, व तक्रारही तेथेच करावी. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा व अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा, असे दोन कायदे आहेत. परंतु पैसे गेल्यावर कायद्याने ते काढून आणणे म्हणजे विहिरीत पडलेली घागर गळाने काढण्यासारखे. निघते कधी कधी, पण दोरी फार लागते.

चंदनाविषयीही चार शब्द लिहितो, कारण कित्येकांस त्याची माहिती नसते. चंदन चांगले झाड आहे, त्यास आमचा विरोध नाही. पण ते अर्धपरोपजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढतात, म्हणून सोबत तूर किंवा दुसरे पोशिंदे झाड लावावे लागते. सुगंधी गाभा धरू लागण्यासच दहा वर्षांहून अधिक काळ जातो, व धरला तरी किती धरला हे बाहेरून दिसत नाही. गाभा धरल्यावर राखण करावी लागते ती चोरांची. यांपैकी एकही गोष्ट त्या एकतीस चित्रांत नव्हती. पोशिंद्या तुरीचे चित्र कोणी छापीत नाही.

त्या दिवशी आबांच्या ओसरीवर आम्ही हेच केले. एकेक पान उघडून चित्रावर हात ठेवला, आणि आबांच्या नातीने मजकूर वाचला. सातव्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, इथं हात ठेवल्यावर वाचायला काहीच नाही." त्या तरुणाकडे आम्ही गट नंबर मागितला. त्याने तो मोबाईलवर पाठवितो म्हणून सांगितले, चहा घेतला, पुस्तक ठेवून गेला. लेख लिहीपर्यंत नंबर आलेला नाही. त्याचा फोन मात्र दर आठवड्यास आबांस येतो, आणि आबा अजूनही त्याच्याशी अदबीने बोलतात. रक्कम तूर्त बँकेत आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावरील चंदनाचे झाड आबांच्या सुनेने कापून स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर लाविले आहे. छपाई उत्तम असल्यामुळे ते तेथे फार शोभते.